‘होंगेरा’ कधी, ‘पोले’ कधी: स्वाहिली सणसमारंभांतले शब्द

टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये किंवा केनियातल्या मोम्बासा-नैरोबीत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं येतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याचं, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं, घरी कामाला येणाऱ्या बाईच्या भाचीचं. आणि तितक्याच लवकर कुणाकडे तरी मयत झाल्याचंही कळतं. भाजी घेण्यापुरती स्वाहिली पंधरवड्यात येते. या दोन ठिकाणी ती पुरत नाही.

मी इथे आले तेव्हा शब्दांची यादी पाठ केली होती. आनंद म्हणजे हे, लग्न म्हणजे ते. प्रत्यक्ष मांडवात उभी राहिले तेव्हा कळलं की स्वाहिलीत शब्द एकटा येत नाही. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ठरलेलं उत्तर द्यायचं, अशी प्रत्येक प्रसंगाची जोडी असते. उत्तर आलं नाही तर समोरचा क्षणभर थांबून राहतो. म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की शब्द शिकताना त्याचं उत्तरही त्याच दिवशी शिका.

आधी जीभ वळवा

स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, पण मराठी माणसाला ती देवनागरीत टिपून घेणं फार सोयीचं जातं. स्वर पाचच, तेही स्वच्छ. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, म्हणून मी इथे ते अक्षर बहुतेक ठिकाणी दीर्घ लिहिलं आहे: हारूसी, कारीबू. ‘च’ कायम ‘चार’मधला म्हणायचा, ‘चमचा’मधला कधीच नाही. सुरुवातीच्या ‘म्’ची मात्र सवय करावी लागते. ‘म्गेनी’ म्हणजे पाहुणा. तिथे ओठ मिटून ‘म्’चा एक वेगळा ठोका द्यायचा. ‘मगेनी’ म्हटलं की गेलं.

अनेकवचन शब्दाच्या पुढच्या टोकाला होतं. एक म्गेनी, अनेक वागेनी. पण कुणाला उद्देशून बोलायचे जे शब्द आहेत त्यांना शेवटी ‘नी’ लागतो. एकाला कारीबू (या), अनेकांना कारिबूनी. एकाला आसान्ते (आभार), अनेकांना आसान्तेनी. समारंभात समोर नेहमी घोळका असतो, त्यामुळे हा ‘नी’ पहिल्या दिवसापासून जिभेवर हवा.

दारात शिरताना

दार उघडं असलं तरी बाहेर थांबून ‘होदी!’ म्हणायचं. आतून ‘कारीबू’ आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आपल्याकडे गावात ‘कोण आहे का घरात?’ अशी हाक देतात, तसंच हे.

आत गेल्यावर वयाने मोठ्या प्रत्येक माणसाला ‘शिकामो’ म्हणायचं. उत्तर येतं ‘माराहाबा’. ‘शिकामो’ हा ‘तुमचे पाय धरतो’ अशा अर्थाच्या वाक्याचा आक्रसलेला अवशेष आहे, असं इथली माणसं सांगतात. म्हणजे आपलं ‘पाया पडतो’च. मराठी घरात वाढलेल्याला याचं वजन समजावून सांगावं लागत नाही. टांझानियात ‘शिकामो’ चुकवणं हा उद्धटपणाच समजला जातो. नैरोबीत तो कमी ऐकू येतो. तुमच्यापेक्षा लहान कुणी तुम्हाला ‘शिकामो’ म्हणालं तर संकोचून हसू नका, ‘माराहाबा’ म्हणा. ते मूल त्या शब्दाची वाट बघत उभं असतं.

वयस्क पुरुषाला ‘म्झे’ म्हणतात. शब्दशः अर्थ म्हातारा, पण इथे तो मानाचा शब्द आहे. बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आहे: मामा आशा, म्हणजे आशाची आई.

आणि इथेच मराठी माणसासाठी सगळ्यात मोठा खड्डा आहे. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण. ‘काका’ म्हणजे भाऊ. ‘मामा’ म्हणजे आई. लग्नात कुणी ओळख करून दिली की ‘हा काका वा बीबी हारूसी’, तर तो नवरीचा भाऊ असतो, चुलता नव्हे. खरा मामा हवा असेल तर ‘म्जोम्बा’, आत्या म्हणजे ‘शांगाझी’. दीर, मेव्हणा, मेव्हणी या सासरच्या नात्यांना ‘शेमेजी’ म्हणतात आणि बाईच्या नणंदेला ‘वीफी’. फक्त ‘बाबा’ दोन्ही भाषांत बापच आहे, तेवढाच दिलासा.

पत्रिका हातात आल्यावर

निमंत्रणाला ‘म्वालीको’ म्हणतात. त्यावरची वेळ वाचताना थांबा. स्वाहिलीत तास दिवसा सूर्योदयापासून आणि रात्री सूर्यास्तापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा आसुबूही’, सकाळचा पहिला तास. ‘सा कूमी जिओनी’ म्हणजे शब्दशः दहावा तास, आपल्या घड्याळात दुपारचे चार. ‘सा म्बीली उसीकू’ म्हणजे रात्रीचे आठ. सहा मिळवायचे किंवा वजा करायचे, बाकी काही नाही. आपल्या पंचांगातला दिवसही सूर्योदयालाच सुरू होतो हे आठवलं की ही मोजणी परकी वाटत नाही. छापील पत्रिकेवर कधी अशी वेळ असते, कधी साधी. खात्री नसेल तर ‘सकाळी की संध्याकाळी’ एवढं विचारून घ्या. ‘आसुबूही आऊ जिओनी?’

वारही बघून घ्या. जुमामोसी म्हणजे जुम्म्यानंतरचा पहिला, शनिवार. जुमापीली दुसरा, रविवार. असं मोजत जुमातानो, पाचवा, म्हणजे बुधवार. मग आल्हामीसी, गुरुवार. हा अरबी शब्द आणि त्याच्याही पोटात पाचच आहे. एका आठवड्यात दोन पाचवे, त्यामुळे नवख्याचा बुधवार-गुरुवार हमखास गोंधळतो.

टांझानियात पत्रिकेच्या आधी आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे ‘म्चांगो’, वर्गणी. लग्नासाठी ‘कामाती या हारूसी’ बसते, मित्र-नातलग-सहकाऱ्यांची समिती. ती यादी करते, फोन करते, आठवण करून देते. ‘मिचांगो’ हे अनेकवचनच जास्त कानावर पडेल. तुम्ही किती देणार ते आधी सांगायचं, त्याला ‘आहादी’ म्हणजे वचन म्हणतात. वर्गणीच्या आकड्यावर पत्रिका ‘सिंगल’ येते की ‘डबल’, म्हणजे एकट्याची की जोडप्याची, हे ठरतं. मराठी माणसाला हे आधी खटकतं. आपल्याकडे आहेर आपखुशीचा. पण मी आता याकडे वेगळ्या नजरेने बघते. मांडवात शिरण्याआधीच त्या लग्नातला एक वाटा तुमचा झालेला असतो आणि उद्या तुमच्या घरच्या कार्याला हीच समिती उभी राहते.

आकडे ऐकताना मात्र माहेरी आल्यासारखं वाटतं. पैसा म्हणजे ‘पेसा’. एक लाख म्हणजे ‘लाकी मोजा’. हजाराला ‘एल्फू’. हिंदी महासागराच्या व्यापारातून हे शब्द आले, आणि १९२०पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत चलन होतं ते रुपयाच. केनियात २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसा या फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेच्या नावात तोच पैसा बसलेला आहे आणि वर्गणीही आता बहुतेक फोनवरूनच जाते.

लग्न: ‘हारूसी’ आणि ‘न्दोआ’

दोन शब्द वेगळे ठेवा. ‘हारूसी’ म्हणजे लग्नसोहळा. ‘न्दोआ’ म्हणजे विवाह, ते नातं, तो संस्कार. दाखला असतो तो ‘चेती चा न्दोआ’. लग्न लावणं म्हणजे ‘कुफूंगा न्दोआ’, आणि ‘कुफूंगा’चा अर्थ बांधणं. आपली लग्नगाठ इथेही बांधलीच जाते. याच क्रियापदाने दार बंद करतात आणि उपासही धरतात.

लग्न करण्याचं क्रियापद पुरुषाला एक आणि बाईला दुसरं. तो ‘कुओआ’, ती ‘कुओलेवा’. दुसरं रूप कर्मणी आहे. आपल्याकडे जुन्या बायका ‘तिला नाशिकला दिली’ म्हणत, त्याच वळणाचं. कुणी तुम्हाला विचारेल ‘उमेओआ?’ (पुरुषाला) किंवा ‘उमेओलेवा?’ (बाईला). लग्न झालेल्या पुरुषाने ‘निमेओआ’ म्हणायचं, बाईने ‘निमेओलेवा’. उलट झालं तर सगळं घर हसतं, आणि पुरुषाच्या बाबतीत तर त्याच्या घरात कुणाचं चालतं यावरही शेरा येतो. दोघांनी एकमेकांशी केलं असं म्हणायचं तर ‘कुओआना’.

मागणी म्हणजे ‘पोसा’. ती घालायला मुलाकडून ‘म्शेंगा’ जातो, मध्यस्थ. बोलणारा, वजनदार, दोन्ही घरांत मान असलेला माणूस. तो ‘बारूआ या पोसा’, मागणीचं पत्र, घेऊन जातो. मग ‘माहारी’ ठरते. या शब्दाचं भाषांतर कृपा करून ‘हुंडा’ करू नका. दिशा बरोबर उलटी आहे: देणारा मुलाकडचा. शब्द अरबी, आपल्याकडच्या मुस्लिम घरांतला ‘मेहेर’च. किनाऱ्यावरच्या मुस्लिम कुटुंबांत तो नवरीचा स्वतःचा हक्क असतो. आतल्या भागातल्या अनेक समाजांत ती मुलीच्या घरच्यांना दिली जाते आणि पूर्वीपासून गुरांत मोजली जाते. यावर बोलायचं झालं तर ऐकणाऱ्याच्या भूमिकेत राहा. ‘किती ठरलं?’ हा प्रश्न बाहेरच्याने विचारायचा नसतो.

टांझानियाच्या शहरांत लग्नाआधी दोन मेजवान्या होतात आणि दोन्हींची नावं इंग्रजीच राहिली आहेत: किचन पार्टी आणि सेंड-ऑफ. पहिली बायकांची. नवरीला भांडीकुंडी देतात आणि मोठ्या बायका संसाराच्या चार गोष्टी सांगतात. दुसरी मुलीच्या घरची पाठवणी. किनाऱ्यावर याहून जुनी रीत आहे. ‘सोमो’ किंवा ‘कुंग्वी’ नावाची अनुभवी बाई नवरीला तयार करते. मेंदीला ‘हीना’ म्हणतात. मोम्बासा-लामूकडे ‘कुपाम्बा’ असतो, नवरीला सजवून बायकांसमोर बसवतात. तिथे बायका बुरखा बाजूला ठेवून आलेल्या असतात, म्हणून फोन पर्समध्येच राहू द्या. इतर ठिकाणीही आधी विचारा: ‘नावेझा कुपीगा पीचा?’ फोटो काढू का?

नवरी ‘बीबी हारूसी’, नवरा ‘ब्वाना हारूसी’. ते आत आले की बायका जीभ फिरवून उंच, थरथरता आवाज काढतात. त्याला ‘व्हिगेलेगेले’ म्हणतात. ‘पीगा व्हिगेलेगेले!’ असं सूत्रसंचालक ओरडला की तुम्हीही काढायचा. जमला नाही तर टाळ्या वाजवा, पण हाताची घडी घालून बसू नका. सूत्रसंचालक म्हणजे ‘म्शेरेहेशाजी’. नाव लांबलचक आहे, पण त्यात ‘शेरेहे’ म्हणजे सोहळा हा शब्द सरळ दिसतो. प्रमुख पाहुणा ‘म्गेनी रास्मी’.

आणि आता मुख्य जोडी. ‘होंगेरा!’ अभिनंदन. दोघांना, घरच्यांना, घोळक्याला ‘होंगेरेनी!’ उत्तर ‘आसान्ते’ किंवा ‘आसान्तेनी’. हा शब्द परीक्षेत पास झालेल्याला, बढती मिळालेल्याला, बाळंतिणीला, नवं घर घेतलेल्याला, सगळ्यांना चालतो. एकच शब्द नीट शिकायचा असेल तर हा शिका.

किनाऱ्यावरच्या लग्नात ‘ताराब’ गायलं जातं. अरबी, आफ्रिकी आणि भारतीय सूर त्यात मिसळलेले आहेत. गाणं मनाला भिडलं की बायका नाचत पुढे जाऊन गायिकेला नोटा देतात. ताराबची आद्य गायिका मानली जाते ती झांझिबारची सिती बिंती साद. १९२८ साली ती आपल्या साथीदारांसह ध्वनिमुद्रणासाठी आली होती मुंबईत. स्वाहिली गाण्यांच्या पहिल्या तबकड्यांपैकी काही आपल्या मुंबईत घडल्या, हे मला इथल्याच एका लग्नात एका म्झेंनी सांगितलं. मुंबईची आहे म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं.

जेवणाच्या रांगेत

पिलाऊ, बिरियानी, चापाती, साम्बूसा, काचुम्बारी. वाचून कळलंच असेल. किलिमांजारोच्या उतारावरच्या चागा लोकांच्या लग्नात केकच्या जागी ‘न्दाफू’ येतो, अख्खा भाजलेला बोकड, सजवलेला. तो कापून भरवणं हा मान असतो. शाकाहारी असाल तर आधीच सांगा: ‘सीली न्यामा’, मी मांस खात नाही. नुसतं ‘भाजी द्या’ म्हटलं तर भाजीत रस्सा मटणाचा असू शकतो. ‘बीला न्यामा’, मांसाशिवाय, असं स्पष्ट म्हणा. पोट भरलं की ‘निमेशीबा’. याशिवाय वाढणारी थांबत नाही.

भेट काय द्यायची

भेट म्हणजे ‘झावादी’. बाईला देण्यासाठी ‘कांगा’ उत्तम. केनियाच्या किनाऱ्यावर तिला ‘लेसो’ म्हणतात. जोडीने विकल्या जाणाऱ्या या कापडाला काठ असतो, मधे नक्षी असते आणि खाली एक ओळ छापलेली असते. ती ओळ वाचल्याशिवाय कांगा विकत घेऊ नका, हे मी फार कळकळीने सांगते. रंग बघून घेतलेल्या कांगेवर ‘आसान्ते या पूंदा नी मातेके’ असू शकतं, म्हणजे गाढवाचे आभार लाथांनीच. दुकानदाराला विचारा, तो हसून समजावतो. अशा कित्येक कांगा भारतात छापून इथे येतात. लग्नासाठी आशीर्वादाची ओळ शोधा. ‘बाराका’ हा शब्द दिसला तर निर्धास्त घ्या, ती आपली बरकत आहे.

सण आणि सुट्ट्या

सण म्हणजे ‘सिकुकू’, सीकू म्हणजे दिवस आणि कू म्हणजे मोठा. सणाच्या शुभेच्छांचं सूत्र सोपं: ‘हेरी या...’ आणि पुढे सणाचं नाव. ‘हेरी या म्वाका म्पिया’ नववर्षासाठी, ‘हेरी या क्रिस्मासी’ नाताळासाठी, ‘हेरी या सीकू या कुझालीवा’ वाढदिवसाला. उत्तर: ‘ना क्वाको पिया’, तुलाही.

रमझानमध्ये संध्याकाळच्या खाण्याला ‘फुतारी’ आणि पहाटेच्या खाण्याला ‘दाकू’ म्हणतात. चंद्र दिसला की बातमी धावते: ‘म्वेझी उमेआन्दामा!’ म्वेझी म्हणजे चंद्र आणि महिनाही. ईदेला घरोघर ‘म्कोनो वा ईदी’ द्यायला जातात, शब्दशः ईदेचा हात. भेटायचं, हात मिळवायचा, लहानांच्या हातावर पैसे ठेवायचे. खिशात सुट्टे ठेवा.

झांझिबारला असाल आणि जुलैमध्ये सवड मिळाली तर दक्षिणेकडच्या माकुन्दूचीला ‘म्वाका कोग्वा’ बघायला जा. नावाचा अर्थ वर्षाची आंघोळ. इराणी नवरोजाशी नातं सांगणारं हे नववर्ष आहे, त्याला ‘नाइरूझी’ही म्हणतात. पुरुष केळीचे सोट घेऊन एकमेकांना मनसोक्त बडवतात, जुन्या वर्षाचा राग तिथेच संपवतात. झावळ्यांची एक झोपडी पेटवली जाते आणि बायका गात असतात. त्या दिवशी घरी पाहुणा असणं शुभ मानतात, म्हणून अनोळखी माणसालाही ताट मिळतं. आपल्याला होळी ठाऊक असल्यामुळे त्या गर्दीत मला अजिबात परकं वाटलं नाही.

सरकारी सुट्ट्यांत टांझानियाच्या दोन गमतीदार आहेत. ‘साबा साबा’, सात-सात, म्हणजे ७ जुलै. १९५४ साली याच दिवशी टानू हा स्वातंत्र्यासाठी लढणारा पक्ष स्थापन झाला. ‘नाने नाने’, आठ-आठ, ८ ऑगस्ट, शेतकऱ्यांचा दिवस. केनियात मात्र ‘साबा साबा’ म्हटलं की १९९०ची बहुपक्षीय लोकशाहीसाठीची निदर्शनं आठवतात, तेव्हा तिथे उत्साहाने ‘हेरी या साबा साबा’ म्हणू नका. केनियाचे दिवस वेगळे: १ जूनचा मादाराका, २० ऑक्टोबरचा माशुजा म्हणजे वीरांचा, १२ डिसेंबरचा जाम्हूरी. २०२१ साली युनेस्कोने ७ जुलै हाच जागतिक स्वाहिली दिन ठरवला.

एक गोष्ट फक्त ओळखून ठेवायची, विचारायची नाही. ‘उन्यागो’ म्हणजे मुलींचा आणि ‘जान्दो’ म्हणजे मुलग्यांचा वयात येण्याचा संस्कार. तिथली शिकवण आणि गाणी आतल्यांसाठी असतात. झांझिबारची गायिका बी किदूदे उन्यागोच्या ढोलासाठीही प्रसिद्ध होती, तेवढं ऐकायला मिळतं. त्यापुढे खोदून विचारू नये.

म्सीबा

मयत, घरावर आलेलं दुःख, म्हणजे ‘म्सीबा’. दुःखाच्या घरी म्हणजे ‘म्सिबानी’. तो शेवटचा ‘नी’ इथे आपल्या ‘-त’ किंवा ‘-ला’चं काम करतो. शहरात रस्त्याकडेला मांडव आणि प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या तर लग्न समजून पुढे जाऊ नका, आधी आवाज ऐका.

बोलायचा शब्द ‘पोले’, अनेकांना ‘पोलेनी’. ‘पोलेनी साना’ किंवा ‘पोलेनी क्वा म्सीबा’. हाच शब्द ठेच लागलेल्याला, प्रवासातून दमून आलेल्याला, आजाऱ्यालाही म्हणतात. तुमची चूक नसतानाही तो म्हणायचा असतो, कारण ही माफी नाही, सोबत आहे. उत्तर येतं ‘आसान्ते’, किंवा ‘तुमेशापोआ’, आम्ही सावरलो. समोरच्या बाईचे डोळे सुजलेले असतात आणि ती म्हणते, सावरलो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पुढे काही बोलताच आलं नाही. बोलायची गरजही नव्हती. चटईवर बायकांच्या ओळीत बसायचं असतं, इतकंच.

मृत व्यक्तीच्या नावाआधी ‘मारेहेमू’ लावतात, आपलं कैलासवासी तसं. नुसतं नाव घेणं कठोर वाटतं. दफन म्हणजे ‘माझीशी’. सांत्वनाचा निरोप आणि सोबत दिले जाणारे पैसे, दोन्हींना ‘राम्बीराम्बी’. प्रसिद्ध माणूस गेला तर सांत्वनपर चार ओळी लिहायला ‘दाफ्तारी’ ठेवतात, आपल्या दप्तराचंच भावंड. पाहुणे-नातलग जमून राहतात त्या दिवसांना ‘मातांगा’. मुस्लिम घरी ‘हितीमा’ला कुराणपठण होतं. चाळिसाव्या दिवसाला ‘आरोबाईनी’ म्हणतात, आणि तो अनेक ख्रिस्ती घरांतही पाळतात.

पहिल्या दिवशी गर्दी सगळीकडेच होते. आरोबाईनीला येणारी माणसं घरच्यांच्या लक्षात राहतात. तारीख लिहून ठेवा आणि जा. दारात ‘होदी’, आत मोठ्यांना ‘शिकामो’, मग ‘पोलेनी’. चहा आला तर नको म्हणू नका.